पैसे आधी की साडी आधी?

पैसे आधी की साडी आधी? लांबच्या माणसाशी होणारी प्रत्येक खरेदी-विक्री या प्रश्नापाशी येऊन थांबते. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात तो उठत नाही. तिथे गादीवर बसायचं, चार साड्या उलगडायला लावायच्या, भाव पाडून मागायचा, पटलं तर नोटा मोजायच्या आणि पिशवी उचलायची. घेणारी पुण्यात आणि विकणारी नागपुरात असली की दोघींपैकी एकीला आपली वस्तू आधी हातातून सोडावी लागते. कोणी सोडायची, आणि समोरची खोटी निघाली तर नुकसान कोणी सोसायचं, हे ठरवण्यातच ऑनलाइन व्यापाराची सगळी वर्षं गेली असं मला वाटतं.

मी नोकरीची बहुतेक वर्षं सीताबर्डीवरच्या एका बँकेत काढली. शेवटी शेवटी कार्डांच्या आणि ऑनलाइन व्यवहारांच्या तक्रारींचं टेबल माझ्याकडे होतं. निवृत्त झाल्यावर धाकट्या जावेच्या धंद्याचा हिशोब बघायला लागले. ती त्रिमूर्तीनगरातल्या घरून टसरच्या करवतीकाठी साड्या विकते. बँकेत मी फसलेला ग्राहक पाहिला, आता विकणारीची बाजू पाहते आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. फसवणुकीच्या आणि माहिती फुटण्याच्या भीतीने ऑनलाइन व्यापार थांबत नाही, तो वळतो. लोकांना घ्यायचं ते लोक घेतातच, पण ज्याचं नाव मोठं त्याच्याकडून घेतात. भीतीची किंमत लहान आणि प्रामाणिक विकणाऱ्याच्या खिशातून जाते. खरेदी किती वाढली याच्या बातम्या भरपूर येतात. ती कोणाच्या दारातून गेली, हे कोणी विचारत नाही.

करवतीकाठी हे उदाहरण मुद्दाम घेते, कारण या साडीत विश्वासाचा प्रश्न फार लवकर येतो. विदर्भाच्या जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांचं रेशीम, मधाच्या रंगाचं, आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. काठाचा रंग वेगळा आणि अंगाचा वेगळा ठेवायचा म्हणून विणकर तीन धोटे चालवतो. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हातमागावरची असली म्हणजे किंमत काही हजारांत जाते. आता ही साडी खरी की पॉवरलूमवरची नक्कल, हे मोबाइलवरच्या फोटोत कसं कळणार? टसर हाताला कळतं. थोडं खरखरीत, थोडं गार, आणि मुठीत धरून सोडलं की त्याचा एक खास आवाज येतो. फोटोत यातलं काहीच जात नाही. म्हणून पुण्याची बाई पैसे पाठवायला बिचकते, आणि तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर फार आधी शोधलं गेलं होतं. १८७७ साली भारतीय टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं, आपली व्ही.पी. लहानपणी आमच्याकडे व्ही.पी.ने पुस्तकं यायची, एकदा शिवणाच्या नमुन्यांचा संच आला होता. पोस्टमन दारात यायचा, आई पैसे मोजून द्यायची, मगच पार्सल हातात पडायचं. ते पैसे मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे जायचे. यात आईचा विश्वास मुंबईच्या त्या प्रकाशकावर नव्हता, खाकी कपड्यातल्या माणसावर होता, आणि प्रकाशकाचाही त्याच्यावरच होता. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये दोघांना ओळखीचा असा तिसरा उभा राहिला की व्यवहार होतो.

२०१० मध्ये फ्लिपकार्टने माल दारात आल्यावर रोख पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा अनेकांना ती मोठी नवी युक्ती वाटली. मला त्यात आमची जुनी व्ही.पी. दिसली. पण भारतात ऑनलाइन खरेदी घराघरांत शिरली ती त्या युक्तीमुळे, यात मला शंका नाही. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं तेही आले, आणि कार्ड असून त्याचा नंबर कुठल्या संकेतस्थळावर टाकायला ज्यांचा हात धजत नव्हता तेही आले. माझ्या बँकेतलेच कितीतरी सहकारी असे होते. दिवसभर लोकांचे व्यवहार करायचे आणि स्वतःची खरेदी मात्र कॅश ऑन डिलिव्हरी.

या सोयीचा भार कोणावर पडतो, ते मला जावेची वही हातात आल्यावर समजलं. सीओडीवर, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीने, पाठवलेलं पार्सल ग्राहकाने घेतलंच नाही, "घरी नाही", "मन बदललं", फोनच उचलला नाही, की ते परत येतं. जायचं भाडं विकणाऱ्याचं आणि यायचंही त्याचंच. वर ती साडी पंधरा-वीस दिवस गाडीत आणि गोदामात अडकलेली. सणाच्या तोंडावर अडकली म्हणजे त्या हंगामातून गेलीच. मोठ्या कंपनीकडे लाखो पार्सलं असतात, परत येणारी दहा-वीस टक्के तिने आधीच हिशोबात धरलेली असतात. जावेकडे महिन्याला जेमतेम काही डझन साड्या. त्यातल्या चार परत आल्या की त्या महिन्याची कमाई विणकराचे पैसे देण्यात संपते. तिने सीओडी बंद केलं. अर्ध्या चौकश्या तिथेच थांबल्या. "कॅश ऑन नाही? मग राहू द्या." हे वाक्य मी तिच्या फोनवर इतक्या वेळा वाचलं आहे की आता पुढची ओळ कोणती येणार ते मला आधीच कळतं.

इथे थोडं मागे जाते, कारण तंत्राची बाजू सांगितल्याशिवाय बँकेचा अनुभव नीट सांगता येणार नाही.

११ ऑगस्ट १९९४ ला अमेरिकेत एका माणसाने संगणकावरून गाण्यांची एक सीडी विकत घेतली आणि आपल्या क्रेडिट कार्डाचा नंबर कूटबद्ध करून पाठवला. किंमत १२ डॉलर ४८ सेंट, वर टपालखर्च. इंटरनेटवरची सुरक्षित खरेदी म्हणून दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. बातमी सीडी विकली गेल्याची नव्हती. वाटेत कोणी कान लावून बसलं तरी त्याला नंबर वाचता येणार नाही, ही बातमी होती. म्हणजे या व्यापाराचा जन्मच सुरक्षेच्या हमीने झाला. ब्राउझरमधलं छोटं कुलूप त्याच गरजेतून पुढे आलं. पण ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात तिसरा कोणी ऐकत नाही. पलीकडचा माणूस सज्जन आहे का, हे ते सांगत नाही. खोट्या दुकानालाही ते कुलूप मिळतं. माझ्या टेबलासमोर बसून कितीतरी लोक म्हणाले, "मॅडम, कुलूप दिसत होतं नं!"

भारताने या बाबतीत जगापेक्षा कडक वाट धरली. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून, कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण बंधनकारक केली. आधी पासवर्ड होते, मग ओटीपी आला. त्या काळातला ग्राहकांचा आणि व्यापाऱ्यांचा वैताग मी ऐकला आहे. मोबाइलला रेंज नाही, मेसेज आला तोवर वेळ संपली, गाडीचं तिकीट गेलं. कंपन्या म्हणत होत्या की अशाने भारतात ऑनलाइन व्यापार वाढणारच नाही. २०१४ मध्ये उबरसारख्या कंपन्या परदेशातून पैसे वळवून ही दुसरी खूण टाळत होत्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तीही वाट बंद केली. पुढे ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर स्वतःकडे साठवायलाच बंदी आली, त्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा बदली क्रमांक आला.

या अडथळ्यांनी व्यापार वाढवला, असं माझं ठाम मत आहे. ओटीपीच्या त्या अर्ध्या मिनिटाने काही खरेदी सुटल्या असतील. पण "माझ्या हातातल्या फोनवर नंबर आल्याशिवाय पैसे जात नाहीत" हे एकदा अनुभवल्यावर जे लोक कार्ड वापरायला लागले, ते त्याशिवाय कधीच आले नसते. पेन्शनच्या खात्याला जोडलेलं कार्ड घेऊन रेल्वेचं तिकीट स्वतः काढणारे सत्तरीचे काका मी पाहिले आहेत. त्यांना वेग नको होता. आपल्याला विचारल्याशिवाय पैसे हलणार नाहीत, एवढं हवं होतं.

मग २०१६ आलं. एप्रिलमध्ये यूपीआय जाहीर झालं, ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या. त्या आठवड्यांतल्या रांगांबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिकडेच जाईल. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान दीक्षाभूमीवर येऊन गेले आणि मानकापूरच्या क्रीडा संकुलातून भीम-आधार सेवा सुरू झाली. अंगठा ठेवून दुकानात पैसे द्यायचे. त्याच कार्यक्रमात डिजिटल व्यवहारांची मोठी सोडत निघाली आणि लातूरच्या एका विद्यार्थिनीला, मोबाइलच्या हप्त्याचे १,५९० रुपये रूपे कार्डाने भरल्याबद्दल, एक कोटीचं बक्षीस लागलं. आमच्या शाखेत पुढचे कितीतरी दिवस तीच चर्चा. बक्षिसाने किती लोक वळले, सांगता येत नाही. पण आज गोकुळपेठेच्या बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणाऱ्या बाईच्या टोपलीलाही क्यूआर कोड लटकलेला असतो, आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. आपला माणूस डिजिटल पैशाला घाबरतो, हे आता कोणी म्हणू शकत नाही. तो पैसे पाठवायला घाबरत नाही. अनोळखी माणसाला पाठवायला घाबरतो.

आणि त्याला कारण आहे. कार्डाचं कुलूप पक्कं झालं तसा चोर कुलूप सोडून माणसाकडे वळला. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारी कशा बदलत गेल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सुरुवातीला यायचं, "मी काही केलंच नाही आणि पैसे गेले." नंतर नंतर यायचं, "मीच दिले, पण मला तसं सांगितलं म्हणून दिले."

विकणाऱ्यांसाठी रचलेला एक सापळा तर आमच्या घरीच येऊन गेला. जावेला फोन आला. हिंदी बोलणारा, अदबशीर. "मैं आर्मी में हूँ, कामठी में पोस्टिंग है।" युनिटमधल्या बायकांना भेट द्यायच्या म्हणून बारा साड्या हव्यात, भाव केला नाही, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. नागपूरच्या माणसाला कामठीची छावणी म्हणजे घरची गोष्ट, त्यामुळे शंका येतच नाही. मग म्हणाला, सैन्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा आणि पिन टाका, की रक्कम जमा होईल. ती तिथे थांबली आणि मला हाक मारली. "वहिनी, पैसे घ्यायला पिन कशाला लागते जी?" लागत नाही. पिन पैसे द्यायला लागते, घ्यायला कधीच नाही. एवढं एक वाक्य देशातल्या प्रत्येक घरगुती धंदेवाल्या बाईला पाठ हवं. आमच्याच ओळखीतली एक मुलगी, घरी केक करून विकणारी, अशाच फोनला फसून महिन्याची कमाई घालवून बसली आणि तिने धंदाच बंद केला. ऑनलाइन व्यापाराच्या वाढीच्या आकड्यांत ती कुठे दिसत नाही. जो धंदा पुढे झालाच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

असे फोन करणाऱ्यांना आपली माहिती मिळते कुठून, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे सुरक्षा आणि खासगीपणा या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याचं उघड झालं. मे २०२१ मध्ये डोमिनोजच्या १८ कोटी ऑर्डरींची माहिती अशा रीतीने फुटली की कोणाचाही मोबाइल नंबर टाकला की नाव, पत्ता, कधी काय मागवलं, सगळं समोर. कंपनीने सांगितलं की आर्थिक माहिती सुरक्षित आहे. ते खरं धरलं तरी पिझ्झा कोणत्या घरी, कोणत्या वेळी, कोणाच्या नावाने येतो हे कळल्यावर त्या घराबद्दल काय कळायचं राहिलं? फसवणाऱ्याला कार्डाचा नंबर लागत नाही. त्याला पहिली दोन वाक्यं खरी बोलता आली पाहिजेत. "तुमचं पार्सल अमुक पत्त्यावर यायचं आहे नं?" हे खरं निघालं की तिसऱ्या वाक्यावर आपण विश्वास ठेवतो. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले, असं सरकारने संसदेत सांगितलं. त्यातले किती अशा दोन खऱ्या वाक्यांनी गेले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

नियमांची एक फट मला नोकरीत असताना फार बोचायची. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठा आधार दिला. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, असा व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात परत दाखवायची. हे पुष्कळांना माहीत नव्हतं, मी अर्ज लिहून द्यायची, आणि पैसे परत आले की लोक डोळ्यांत पाणी आणून आभार मानायला यायचे. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कागदावर ते तर्काला धरून आहे. पण ज्या कंपनीच्या हातून त्याचा पत्ता आणि नंबर आधी फुटला, तिचं नाव त्या अर्जात कुठेच येत नसे. बोलण्याला भुलणाऱ्याची चूक मोजली जाते, बोलायला लागणारा मालमसाला ज्याने पुरवला त्याची नाही.

यावर कायद्यात जी हालचाल झाली, तिला नागपूरचा एक धागा आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या नऊजणांत न्यायमूर्ती शरद बोबडे होते, नागपुरात जन्मलेले, इथेच कायदा शिकलेले आणि इथल्याच खंडपीठात वकिली केलेले. त्यांनी आपलं स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या प्रश्नावर न्यायालयात गेले म्हणून तो खटला उभा राहिला होता. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. हक्क मान्य झाल्यापासून तो दारात पोचेपर्यंत दहा वर्षं लागणार. तेवढ्या काळात किती याद्या विकल्या गेल्या असतील?

दुकानात तर अजूनही सवय जात नाही. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या दुकानात दोन उशांचे अभ्रे घेतले तर बिलावाल्या मुलाने आधी मोबाइल नंबर मागितला. नंबर देण्याची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच सांगितलं आहे. मी त्याला शांतपणे तसं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, सिस्टिम पुढेच नाही जात." मागे रांग वाढत होती. मी अभ्रे तिथेच ठेवून निघाले. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण नंबर दिल्याशिवाय पुढे न सरकणारं यंत्र कोणीतरी ठरवून तसं बनवलेलं असतं.

आता जावेच्या त्या प्रसंगाकडे येते, ज्याने हा लेख लिहायला मला बसवलं. एका वर्षी दिवाळीच्या आधी नाशिकहून एका बाईंचा फोन आला, तोंडाचा पट्टा सुरू. तुम्ही लोकांना लुबाडता, पैसे घेऊन पंधरा दिवस झाले, साडी नाही, उत्तर नाही, पोलिसांत जाते. जावेकडे त्या बाईंच्या नावाची ऑर्डरच नव्हती. शेवटी बाईंनी फोटो पाठवला. जाव म्हणाली, "हे पाहा नं वहिनी, आपलाच फोटो आहे हा!" साडी आमच्या गॅलरीतल्या दोरीवर टाकलेली, मागे उन्हाळ्यात लावतो ती हिरवी नेट, तीही तशीच. कोणीतरी जावेचे सगळे फोटो उचलून दुसरं पान काढलं होतं. आठ हजारांची साडी बावीसशेला, "विणकरांकडून थेट". किती बायकांनी पैसे पाठवले, देव जाणे. नाशिकच्या बाईंना एका फोटोत कोपऱ्यातलं जावेचं लेबल दिसलं, म्हणून त्या इथवर पोचल्या.

आम्ही जे करायचं ते केलं. ज्या मंचावर ते पान होतं तिथे तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नोंद केली. नाशिकच्या बाईंना सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायला सांगितलं, पण तो पैसे गेल्यागेल्या करायचा असतो, म्हणजे रक्कम वाटेत अडवता येते. पंधरा दिवसांनी फार उशीर झाला होता. जावेच्या बाबतीत अडचण वेगळीच. तिचे पैसे गेले नव्हते, तिचं नाव गेलं होतं, आणि त्याची रक्कम अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायची? ते पान उतरायला काही आठवडे लागले. दिवाळी निघून गेली. चौकशी करणाऱ्या बायका तेवढ्या काळात एकच विचारायच्या, "तुम्ही खऱ्याच आहात नं?" त्यातल्या एका नागपूरच्याच बाईने शेवटी एका मोठ्या मंचावरून साडी घेतली आणि प्रामाणिकपणे तसं कळवलंही. तिला तिथे परत करायची सोय होती. ती साडी टसरची होती की नाही, मला माहीत नाही. पण तिने जे केलं ते तिच्या जागी मीही केलं असतं, आणि खंत नेमकी इथेच आहे. खोट्याच्या भीतीने माणूस खऱ्याकडेही येत नाही, आणि दोघांमधला फरक ओळखायची सोय ज्याच्याकडे आहे तो तिच्याबद्दल कमिशन घेतो.

ज्या सोयी पुढे निघाल्या त्यांतल्या काही खरोखर कामाच्या आहेत. जून २०२५ अखेरपासून यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसलं पाहिजे, हवं ते नाव घालता येत नाही. जाव आता प्रत्येक ग्राहकाला लिहिते, स्क्रीनवर माझं पूर्ण नाव दिसलं तरच पैसे टाका. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैशांची मागणी पाठवायची सोयही यूपीआयवरून काढली गेली, हेही बरं झालं. सरकारने लहान विक्रेत्यांसाठी ओएनडीसीचं खुलं जाळं उभं केलं आहे, कोणा एका कंपनीच्या दारातून जावं न लागणारं. दिशा योग्य आहे. पण फसलं तर दाद कोणाकडे मागायची, हे ग्राहकाला एका वाक्यात सांगता येईपर्यंत तो ओळखीच्या नावाकडेच जाईल.

विकणाऱ्या बाईच्या खासगीपणाबद्दल मी फारसं कुठे वाचलेलं नाही, म्हणून ते लिहिते. ग्राहकाची माहिती जपा, असं सगळे म्हणतात, आणि म्हणायलाच हवं. पण जावेच्या प्रत्येक पार्सलावर पाठवणारी म्हणून तिचं नाव, घराचा पत्ता, मोबाइल नंबर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही विकणाऱ्याचं नाव, पत्ता, संपर्क ग्राहकाला दिसला पाहिजे, असं आहे. ग्राहकाच्या बाजूने तो नियम अगदी रास्त आहे, मी बँकेत असते तर मीही तेच मागितलं असतं. पण ज्या बाईचं दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली, तिच्यासाठी याचा अर्थ काय होतो? रात्री अकरा वाजता "हाय" येतो, साडीचं नावही नसतं. एकदा एक माणूस साडी पाहायला म्हणून न सांगता दारात आला आणि दीर घरी नव्हते. काही घडलं नाही, पण त्या दिवसापासून ती दुपारी दार उघडताना आधी खिडकीतून पाहते. आमच्या ओळखीत हातमाग, लोणची, सांडगे, दागिने विकणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांतल्या अनेकींनी केवळ नंबर उघडा पडतो म्हणून धंदा नात्यागोत्यात आणि सोसायटीच्या ग्रुपपुरता ठेवला आहे. मोठ्या मंचावर घरपोच आणणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा नंबर दिसत नाही, मधल्या नंबरावरून फोन जोडला जातो. म्हणजे खासगीपणासुद्धा ज्याच्याकडे मोठी यंत्रणा आहे त्याच्याकडूनच भाड्याने घ्यावा लागतो.

ग्राहक बायकाही हेच म्हणतात. "लेबलवर नंबर नका टाकू," असे निरोप जावेला नेहमी येतात. कुरिअरवाले नंबराशिवाय पार्सल घेत नाहीत. पुसदच्या एका शिक्षिकेने साडी शाळेच्या पत्त्यावर मागवली, कारण घरी एकटी असते आणि पार्सल घेऊन येणाऱ्याला ते कळावं असं तिला वाटत नाही. तिला भित्री म्हणायला मी तयार नाही. तिने स्वतःपुरता जो मार्ग काढला, तो व्यवस्थेने सगळ्यांसाठी काढायला हवा होता.

मला सुचतं ते असं. जिल्हा उद्योग केंद्राने विकणारीचं घर, ओळख, बँक खातं एकदा तपासावं, आणि तिला जो क्रमांक मिळेल तो ग्राहकाला टपाल खात्याकडे पडताळता यावा. पत्ता सरकारकडे राहावा, तक्रार झाली तरच उघडावा. पार्सलावर घराच्या जागी त्या क्रमांकाचा शिक्का चालावा, आणि फोन मधल्या नंबरावरून जावा. पैसे पार्सल पोचेपर्यंत पोस्टाने धरून ठेवावेत. यातला एकही तुकडा नवा नाही. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी २०२० पासून आहे, व्ही.पी. तर माझ्या पणजीच्याही आधीपासून होती, नंबर झाकून फोन जोडायचं तंत्र रोज लाखो वेळा वापरलं जातं. हे तुकडे फक्त घरून विकणाऱ्या बाईसाठी एकत्र आणलेले नाहीत. मी हे सगळं एका कागदावर मांडून सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयांत द्यायचं ठरवलं आहे. जावेने आणि तिच्या ओळखीच्या काही जणींनी त्यावर सह्या करायचं कबूल केलं आहे. पत्ता कोणाचा लिहायचा, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही, म्हणून तूर्त माझा लिहिते आहे.